व्हेपची टाकी तळातून गळते, पण हवा नेमकी कुठून शिरते ते कसे शोधावे?

लीड्सकर

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षे सिगारेट ओढल्यानंतर येथील धूम्रपानमुक्ती केंद्राच्या सल्ल्याने मी व्हेपकडे, म्हणजे निकोटिनच्या लिक्विडची वाफ ओढायच्या ई-सिगारेटकडे, वळलो आणि सिगारेट सुटली. सुरुवातीला एकदा वापरून टाकून देण्याची उपकरणे घेत असे. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी आली, तेव्हा पुन्हा भरता येणारी टाकी घेतली. टाकी काचेची, २ मिलीची आहे. ती वरची टोपी काढून भरावी लागते. हवेची भोके तळाशी असून फिरत्या कड्याने ती कमीजास्त उघडता येतात. लिक्विड तापवून त्याची वाफ करणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, १ ओहमची आहे. लिक्विडमध्ये प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन निम्मे-निम्मे असून निकोटिनचे प्रमाण मिलिलिटरला १२ मिलिग्रॅम आहे.

अडचण अशी की, रात्री टाकी भरून टेबलावर सरळ उभी ठेवली तरी सकाळी हवेच्या भोकांखाली लिक्विडचे थारोळे साचलेले असते आणि टाकी बॅटरीवरून काढली की जोडाच्या खाचेतही ओल दिसते. सकाळचे पहिले झुरके घेताना आत गुळगुळ आवाज होतो आणि अधूनमधून गरम थेंब जिभेवर येतो. नवी कॉइल बसवून पाहिली, सगळे आटे घट्ट केले, हवेचे कडे पूर्ण बंद करून ठेवले, तरीही फरक पडला नाही. दुकानदाराच्या मते टाकी जुनी झाली असून नवी घेणे हाच उपाय आहे. मला मात्र कारण कळल्याशिवाय नवी वस्तू घेणे पटत नाही, कारण हाच दोष उद्या तिच्यातही येऊ शकतो.

माझी तीन निरीक्षणे उपयोगी पडतील म्हणून लिहितो. पहिले म्हणजे, टाकी नवी असताना झुरका घेतल्यावर कॉइलच्या बाजूने एखादा बुडबुडा लिक्विडमधून वर जाताना दिसे. आता तो दिसत नाही. दुसरे, एकदा सुरू झालेली गळती टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत थांबत नाही. तिसरे, तळाची भोके बोटांनी दाबून ओढले तरी अगदी थोडी हवा कुठून तरी येते आणि बारीक फुस्स असा आवाज होतो.

डिसेंबरमध्ये नागपूरला जायचे आहे. विमानात टाकी किती भरलेली असावी, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

दाबमापक

लीड्सकर, आपल्या पहिल्या दोन निरीक्षणांत निम्मे उत्तर आहे. मी कारखान्यात दाबाखालील हवेच्या वाहिन्या आणि त्यांची सीले सांभाळण्याचे काम करतो. तिथे जो नियम लागू पडतो तोच इथेही पडतो: द्रव जिथून बाहेर येतो ती जागा आणि दोषाची जागा या बहुधा वेगळ्या असतात. आपली टाकी तळातून गळते, पण दोष माझ्या अंदाजाने वरच्या भागात आहे.

आधी टाकी न गळण्याचे कारण पाहू, कारण तळ मुळात बंद नसतोच. कॉइलच्या बाजूंना भोके असतात आणि त्यांत कापूस भरलेला असतो. कापसातून झिरपून लिक्विड तारेपर्यंत पोहोचावे, यासाठी ती वाट उघडी ठेवावीच लागते. मग सगळे लिक्विड खाली का येत नाही? एक तर कापसाच्या तंतूंमधल्या सूक्ष्म फटी ते धरून ठेवतात. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे लिक्विडच्या वर टाकीत जी हवा कोंडलेली असते तिचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. कोंबडीच्या पिलांना पाणी पाजण्यासाठी ताटलीत उपडी ठेवलेली बाटली याच तत्त्वावर चालते. थोडे पाणी बाहेर आले की वरच्या हवेचा दाब घटतो आणि उरलेले पाणी आत टिकते. त्याच बाटलीच्या बुडाला सुईने भोक पाडले, तर सगळे पाणी ताटलीतून ओसंडून जाईल.

हा दाबातला फरक किती असतो, तेही लक्षात घ्यावे. टाकीतल्या लिक्विडची उंची २ सेंटिमीटर धरली आणि घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त धरली, तर तो स्तंभ पेलायला सव्वादोनशे पास्कलच्या आसपास फरक पुरतो. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत हे पाव टक्क्याहूनही कमी आहे. इतका नाजूक तोल बिघडायला डोळ्यांना दिसेल अशी चीर लागत नाही; काच आणि टोपी यांच्या जोडात हवा अडवणाऱ्या मऊ रिंगखाली अडकलेला एक केससुद्धा पुरतो.

आता आपल्या बुडबुड्याकडे येऊ. निरोगी टाकीत कापसाने लिक्विड शोषले की वरचा दाब उतरतो आणि त्याची भरपाई करायला कॉइलच्या भोकातून हवेचा बुडबुडा आत येऊन वर चढतो. बुडबुडे बंद झाले आणि तरीही लिक्विड संपते आहे, याचा अर्थ भरपाईची हवा दुसऱ्या वाटेने, लिक्विडच्या पातळीच्या वरून, आत येते आहे. टाकी रिकामी होईपर्यंत गळती न थांबणे हेही त्याचेच लक्षण आहे. जास्त भरल्यामुळे किंवा तापमानातल्या बदलामुळे होणारी गळती थोडे लिक्विड बाहेर पडल्यावर तोल साधला की आपोआप थांबते.

तिसऱ्या निरीक्षणाबाबत मात्र सावध राहावे लागेल. टाकीत हवेचे दोन स्वतंत्र भाग असतात. एक भाग झुरक्याच्या वाटेचा, म्हणजे तळाची भोके, कॉइलचे पोट, मधली नळी आणि तोंडाशी येणारी ड्रिप टिप. दुसरा भाग लिक्विड ठेवण्याच्या जागेचा. भोके दाबून ओढल्यावर फुस्स आवाज आला, तर बहुधा पहिल्या भागात फट आहे. ड्रिप टिपची रिंग झिजली असेल, तर झुरका सैल लागतो, पण टाकी गळत नाही. त्यामुळे तो आवाज आणि थारोळे हे दोन निराळे दोष असू शकतात. ड्रिप टिप काढून नळीचे तोंड ओठांनी थेट धरून ओढून पाहा. आवाज थांबला तर दोष ड्रिप टिपच्या रिंगचा आहे, तो बाजूला ठेवावा. आवाज चालूच राहिला, तर कॉइल नळीत नीट बसलेली नाही असा संशय घ्यावा. ही जागा मात्र दोन्ही भागांच्या सीमेवर असल्यामुळे गंभीर आहे, कारण ओढताना लिक्विड तिथून सरळ नळीत खेचले जाते आणि जिभेवर थेंब येतो.

नेमकी जागा शोधण्यासाठी मी पाण्यातली चाचणी सुचवतो. टाकी बॅटरीवरून काढून रिकामी करा आणि सगळे भाग कोमट पाण्याने निकोटिनचा अंश उरणार नाही असे धुवा. धुण्यापूर्वी तोंड लावू नका. एखादी जुनी कॉइल पाण्याने स्वच्छ करून पूर्ण वाळवा आणि तीच बसवा, कारण कोरड्या कापसातून हवा सहज पलीकडे जाते. ओल्या कापसाने चाचणीचा निकाल चुकतो. टाकी नेहमीसारखी बंद करा. तळाची भोके आणि बॅटरीला टेकणारी मधली पिन चिकटपट्टीने झाका. ड्रिप टिपच्या जागी मत्स्यालयात वापरतात तशी मऊ सिलिकॉनची नळी घट्ट बसवा, टाकी पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात पूर्ण बुडवा आणि नळीतून अगदी हळू फुंका. जोराने फुंकले तर चांगली रिंगसुद्धा उचलली जाऊन खोटा बुडबुडा येतो. बुडबुड्यांची माळ जिथून निघेल तिथे खूण करा. टाकी थोडी फिरवून पुन्हा पाहा, कारण एकाच बिंदूतून येणारे बुडबुडे आणि सगळ्या कडेने येणारे बुडबुडे यांची कारणे वेगळी असतात. कडेने सगळीकडून येत असतील तर रिंग दबून सपाट झालेली असते किंवा टोपी पूर्ण बसलेली नसते. एकाच बिंदूतून येत असतील तर रिंगला चीर, अडकलेला कण किंवा काचेच्या कडेला टवका यांपैकी काहीतरी असते.

पिनच्या भोवतालच्या इन्सुलेटरमधून (विद्युतरोधक कड्यातून) बुडबुडे आले तर त्यांना मुख्य दोष समजू नये. ती जागा झुरक्याच्या वाटेत मोडते. साचलेले लिक्विड बॅटरीच्या खाचेत उतरते ते बहुतेक वेळा तिथून, म्हणून तो इन्सुलेटर बदलणे चांगले. पण गळती त्याने थांबणार नाही.

ग्लासगोनिवासी

दाबमापक यांनी तत्त्व उत्तम मांडले आहे. माझा अनुभव मात्र असा की, निम्म्या तक्रारी भरण्याच्या पद्धतीमुळे येतात आणि सीलांची चौकशी करण्याआधी ती पद्धत तपासणे सोपे असते.

वरची टोपी उघडली की आतला कमी दाब त्या क्षणी नाहीसा होतो आणि लिक्विड कापसातून खाली सरकू लागते. म्हणून टोपी उघडण्याआधी तळाचे हवेचे कडे पूर्ण बंद करावे. लिक्विड काठोकाठ भरू नये, वर हवेसाठी थोडी जागा सोडावी. टोपी फिरवून लावताना आतली हवा दाबली जाते आणि तो दाब लिक्विडला कॉइलमध्ये ढकलतो. यावर उपाय असा की, टोपी लावून झाल्यावर टाकी उलटी धरावी, त्याच स्थितीत तळाचे कडे उघडावे आणि मग टाकी सरळ करावी, म्हणजे वाढलेला दाब लिक्विडऐवजी हवा बाहेर ढकलून उतरतो. ब्रिटनमध्ये २०१६ च्या नियमांमुळे टाकीची क्षमता २ मिलीच्या वर नसते, त्यामुळे ती वारंवार भरावी लागते आणि टोपीची रिंग तितक्याच वेळा घासली जाते, हेही विसरू नये.

थंडीचाही परिणाम होतो. बाहेर ५ अंशांत फिरून आल्यावर टाकी २२ अंशांच्या खोलीत ठेवली, तर आतली हवा सुमारे ६ टक्क्यांनी फुगते. टाकी अर्धी रिकामी असेल तर ही फुगलेली हवा काही थेंब सहज बाहेर काढते. रेडिएटरजवळचा कट्टा आणि उन्हात उभी केलेली गाडी या दोन जागा टाळाव्यात.

आणि एक सूचना. आपण निम्मे-निम्मे प्रमाणाचे लिक्विड वापरता, ते पातळ असते. ७० टक्के ग्लिसरीनचे लिक्विड वापरून पाहिले तर कदाचित प्रश्नच मिटेल.

दाबमापक

भरण्याच्या पद्धतीबद्दल पूर्ण सहमत आहे, विशेषतः टाकी उलटी धरण्याबद्दल. लिक्विड बदलण्याच्या सूचनेशी मात्र मी सहमत नाही आणि त्याचे कारण लिहिणे आवश्यक वाटते, कारण हा सल्ला सगळीकडे दिला जातो.

ग्लिसरीन हे प्रॉपिलिन ग्लायकॉलपेक्षा साध्या तापमानाला वीस पटींहून अधिक दाट असते. प्रमाण बदलले की गळतीचा वेग खचितच कमी होतो, पण हवा शिरण्याची फट तशीच राहते. दिवसाकाठी येणारे थारोळे दोन दिवसांनी येते एवढाच फरक. शिवाय १ ओहमच्या कॉइलची भोके बारीक असतात आणि दाट लिक्विड त्यांतून वेळेवर पोहोचत नाही. तार तापते, कापूस कोरडा पडतो आणि जळका झुरका घशाला लागतो. सिगारेट सोडलेल्या माणसाला असे झुरके वारंवार येऊ लागले, तर तो कंटाळून पुन्हा दुकानातून पाकीट आणू शकतो, आणि ही जोखीम मला थारोळ्यापेक्षा मोठी वाटते. कॉइलच्या वेष्टनावर जे प्रमाण लिहिलेले असते तेच वापरावे आणि फट शोधून बुजवावी.

एक राहिले. टाकी काचेऐवजी प्लास्टिकची असणाऱ्या वाचकांनी लिक्विडच्या स्वादाकडेही पाहावे. लिंबू-संत्र्याच्या आणि दालचिनीच्या स्वादातील काही घटक पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकवर परिणाम करतात. आधी धूसरपणा येतो, मग केसासारखे तडे पडतात. अशा तड्यांतून हवा शिरते आणि मग रिंगा कितीही बदलल्या तरी टाकी गळतच राहते. लीड्सकरांची टाकी काचेची असल्याने त्यांना ही शंका घेण्याचे कारण नाही.

परिचारिका, लेस्टर

तांत्रिक बाजू वरच्या सभासदांनी सांगितली आहे. मी धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या रुग्णांसोबत काम करते, म्हणून गळतीशी जोडलेल्या काही गोष्टी लिहिते.

मिलिलिटरला १२ मिलिग्रॅम निकोटिन असलेले थारोळे टेबलावर रात्रभर पडून राहते, ही गोष्ट घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर धोक्याची आहे. दोष सापडेपर्यंत टाकी रिकामी करून किंवा निदान झाकणाच्या डब्यात उंचावर ठेवावी. दुरुस्ती करताना पातळ हातमोजे घालावेत. कातडीवर लिक्विड लागले तर लगेच साबण-पाण्याने धुवावे आणि जिभेवर थेंब आला तर गिळण्याऐवजी थुंकून चूळ भरावी. बॅटरीच्या खाचेत ओल असताना बटण दाबू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. कोरड्या कापडाने आणि कापसाच्या काडीने खाच पूर्ण कोरडी केल्यावरच पुढे जावे.

रिंगांवर घरातली व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावण्याचा मोह अनेकांना होतो. कृपया असे करू नये. तेलकट पदार्थ वाफेबरोबर फुप्फुसात जाणे अपायकारक असते. रिंग ओली करायची असेल तर तेच लिक्विड किंवा औषधी दर्जाचे शुद्ध ग्लिसरीन यांचा एखादा थेंब पुरेसा असतो.

आता नागपूरच्या प्रवासाविषयी. विमानातली गळती समजून घेणे अवघड नाही. उड्डाणात केबिनमधला दाब जमिनीवरच्या दाबाच्या जवळजवळ पाऊणपट होतो, त्यामुळे टाकीत कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते आणि लिक्विडला बाहेर ढकलते. सील कितीही चांगले असले तरी कापसाची वाट उघडीच असते. म्हणून युरोपात कुठेही जायचे असेल तर टाकी रिकामी करून, बाटली वेगळ्या पिशवीत ठेवून आणि उपकरण हातातल्या सामानात घेऊन जावे. बॅटरीमुळे ते चेक-इन सामानात चालत नाही.

भारतात जाताना मात्र प्रश्न टाकी किती भरावी हा नाहीच. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात आणि साठवण या सगळ्यांवर बंदी आहे. आयातीसारख्या गुन्ह्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. स्वतःच्या वापरासाठी एकच नग आहे, या समजुतीवर विसंबून कोणीही उपकरण सोबत नेऊ नये. लिक्विडची बाटलीसुद्धा नेऊ नये. मी माझ्या रुग्णांना प्रवासाच्या आधीच्या महिन्यात केंद्रात येऊन निकोटिनच्या पट्ट्या किंवा च्युइंगगम यांचे नियोजन करायला सांगते, म्हणजे तिकडे उतरल्यावर पानटपरीकडे पाय वळत नाहीत. निकोटिनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगगम नागपुरात औषधांच्या दुकानांत मिळते आणि तंबाखू सोडण्यासाठीची भारत सरकारची १८००११२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.

लीड्सकर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रवासाबद्दलची माहिती मला नव्हती. उपकरण इथेच ठेवून जाईन आणि केंद्रात वेळ ठरवतो.

दाबमापक, आपण सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. ड्रिप टिप काढल्यावर फुस्स आवाज थांबला, म्हणजे तो दोष वेगळाच होता. पाण्यात बुडवून फुंकल्यावर काचेच्या वरच्या कडेला, टोपीच्या खाली, एकाच जागेतून बारीक बुडबुड्यांची रांग निघाली. टाकी फिरवली तरी बुडबुडे काचेच्या त्याच बिंदूपासून येत होते. तळाच्या काचेपाशी काहीच नव्हते. रिंग काढून भिंगाखाली पाहिली, ती मला अखंड वाटली. आता रिंग बदलावी की काच?

दाबमापक

रिंग अखंड असेल आणि बुडबुडे काचेच्या ठराविक बिंदूपासून येत असतील, तर काचेच्या कडेला टवका असण्याची शक्यता दाट आहे. तो बोटाने चाचपू नका, कापेल. कापसाचा एक पुंजका कडेवरून हलक्या हाताने फिरवा. जिथे टवका असेल तिथे तंतू अडकतील. अशा टाक्यांच्या खोक्यात बहुधा एक जादा काच आणि रिंगांची छोटी पिशवी येते, ती आधी शोधा. काच बदलताना दोन्ही रिंगाही बदला, कारण टवक्यावर दबून राहिलेली रिंग तिथे आतून चिरलेली असू शकते आणि भिंगाखाली ती ताणल्याशिवाय दिसत नाही.

फट वरच्या बाजूला निघाली याचे नवल नाही. तळाच्या काचेजवळ फट असती, तर तिथे आतला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळपास असल्यामुळे थोडे लिक्विड काचेच्या बाहेरून ओघळले असते, पण वरचा कमी दाब बराचसा टिकून राहिला असता. फट जितकी लिक्विडच्या पातळीच्या वर, तितकी ती तोल अधिक बिघडवते. म्हणूनच बाहेरून पूर्ण कोरडी दिसणारी टाकी तळातून सगळ्यांत जास्त गळते आणि लोक कॉइलमागून कॉइल विकत घेत राहतात.

बसवताना रिंगेला लिक्विडचा थेंब लावा, काच दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा आणि ती दाबतानाच फिरवू नका. कोरडी रिंग काचेबरोबर पिळली जाते आणि तिची घडी पडते. टोपी हाताने घट्ट होईल इतकीच आवळा. पक्कड लावून आवळल्यास रिंग खाचेबाहेर येते आणि काचेवर नवा टवका पडतो.

लीड्सकर

तंतू त्याच जागी अडकले. खोक्यातली जादा काच आणि दोन्ही रिंगा बसवल्या आणि ग्लासगोनिवासी यांच्या पद्धतीने टाकी भरली. झुरक्यानंतर बुडबुडा पुन्हा वर जाताना दिसतो आणि सकाळी टेबल कोरडे असते. फक्त हवेचे कडे पुसले की टिश्यूवर किंचित ओल येते आणि पहिल्या झुरक्याला हलकी गुळगुळ अजून होते. हे राहिलेल्या फटीचे लक्षण समजावे काय?

दाबमापक

नाही. रात्री नळीत उरलेली वाफ थंड होऊन तिचे थेंब कॉइलच्या पोटात उतरतात. ती ओल त्यांची आहे आणि ती रोज साधारण तेवढीच राहील. सकाळी टाकी बॅटरीवरून काढा, हवेच्या भोकांवर टिश्यू धरा, ड्रिप टिपमधून हलकेच एक फुंकर मारा आणि खाच पुसून टाकी पुन्हा बसवा. ओल दिवसेंदिवस वाढू लागली किंवा बुडबुडे पुन्हा बंद झाले, तरच पाण्यातली चाचणी परत करावी. ड्रिप टिपची रिंग राहिली आहे, ती मागवताना रिंगेचा आतला व्यास आणि जाडी ही दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये घेऊन मागवा. मापे जुन्या, दबलेल्या रिंगेवरून घेण्यापेक्षा ज्या खाचेत ती बसते तिच्यावरून घेतलेली बरी.